पहिली कळ ओळखणारी

तुमसर भागातल्या बाळंतपणांचा इतिहास शोधू लागले की जुनी कागदपत्रे एकाच बाईकडे बोट दाखवतात, ती म्हणजे दाई. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत मराठी जिल्ह्यांमधल्या मांग समाजाची ओळख करून देतानाच त्यांच्या बायका सुईणपण करतात, अशी नोंद आहे. तुमसर ज्यात येते तो भंडारा हा त्याच प्रांतातला मराठी जिल्हा. त्याआधी १८८५ साली बायकांना वैद्यकीय मदत पोहोचवण्यासाठी डफरिन फंड निघाला होता आणि १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी उभा राहिला होता. दाई अडाणी आहे, तिला शिकवा किंवा तिच्या जागी दुसरी शिकलेली बाई बसवा, हा या साऱ्यामागचा विचार. पण दाईला बोलावणे धाडायची वेळ झाली हे ठरवत कोण होते, याची विचारपूस या योजनांनी फारशी केली नाही. बाळंतपणातला पहिला निर्णय नेहमी घरातच झाला आणि सुधारणांनी शिकवले मात्र जिला बोलवायचे तिला, असे माझे म्हणणे आहे.

दाईला विटाळाचे काम करणारी मानले, की तिला घरात घेण्याची वेळही आपोआप पुढे ढकलली जाते. पॅट्रिशिया आणि रॉजर जेफरी यांनी अँड्र्यू लायन यांच्यासोबत उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यात केलेला अभ्यास १९८९ साली पुस्तकरूपाने आला. तिथे दाईकडे मुख्यतः नाळ कापण्याचे आणि विटाळ काढण्याचे काम होते. निर्णय घरच्या बायकांच्या हाती असत. बिजनौर म्हणजे तुमसर नव्हे, हे मान्य. पण जातीने वाटून दिलेले काम दोन्हीकडे सारखेच होते. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत पाहा. लाजेमुळे सासूला जे सांगता येत नाही ते मुलगी आईला सांगते, म्हणून पहिली कळ ओळखणारी बाई तिची आई असावी, अशी सोयच या रिवाजाने करून ठेवली आहे. पोट खाली उतरले आहे, जेवणावरची वासना गेली आहे, कंबरेतून निघालेली कळ ओटीपोटात येते आणि पुन्हा वळते, चिकट लालसर स्राव दिसतो: हे सगळे आईच्या नजरेत येते. थोडे चालल्यावर किंवा पडून राहिल्यावर कळ विरली तर ती खोटी; दोन कळांमधले अंतर कमी होत जाऊन जोर वाढला तर खरी. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आसन्नप्रसवेची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत अन्नावरची अनिच्छा, खालच्या अंगाचा जडपणा, कंबर-पाठ-ओटीपोटातल्या वेदना आणि स्राव आहेतच. कळा नसताना जोर करू नये, हेही तिथे स्पष्ट सांगितले आहे. कळा आलेल्या बाईने उखळात मुसळाने धान्य कांडावे, असे काही आचार्यांचे मत होते. संहितेतले गुरू आत्रेय यांनी ते खोडून काढले. घरोघरी भात कांडला जाई त्या तुमसरच्या मुलखात हा वाद मुद्दाम आठवण्याजोगा आहे.

यावर पहिला आक्षेप असा की हे घरगुती शहाणपण इतके खरे होते, तर बायका मेल्या का? त्या मेल्या, आणि फार मेल्या. पण नाळ कापायला घेतलेले अस्वच्छ हत्यार, रक्तस्राव आणि अडलेले मूल हे धोके लक्षणे ओळखून टळणारे नव्हते. तिथे शिकलेला हात आणि दवाखानाच लागतो. ते नाकारून घरच्या ज्ञानाची आरती ओवाळणे मला मान्य नाही. मात्र कळा नेमक्या कधी सुरू झाल्या, हे आधुनिक वैद्यकालाही पुरते बांधता आलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली जोमदार कळांचा टप्पा गर्भाशयाचे मुख पाच सेंटिमीटर उघडल्यापासून मोजायला सांगितले, आणि त्याआधीच्या संथ टप्प्याला ठराविक कालमर्यादा घालता येत नाही, हेही मान्य केले. तो संथ टप्पा बव्हंशी घरातच जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात, असे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी आशा ही आरोग्यसेविका आली, २०१४ साली राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आली. मग घरच्या नजरेची गरज काय? उलट ती वाढली, असे मला वाटते. दाई हाकेच्या अंतरावर होती. बोलावण्यात तासभर चूक झाली तरी निभावत असे. तुमसरच्या उत्तरेला बावनथडीकडच्या पट्ट्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींच्या आसपास, आज हाच तास रस्त्यात जातो. थॅडियस आणि मेन यांनी १९९४ साली मातामृत्यूमागचे तीन विलंब मांडले, त्यांत निर्णय घेण्यातला विलंब पहिला होता. दवाखान्यात पोहोचण्यातला दुसरा वाहनाने कमी होतो, तिथे उपचार मिळण्यातला तिसरा शिकलेल्या हाताने. पहिला मात्र घरातच राहतो.

घरचे ज्ञान अपुरे पडते ती जागाही सांगायला हवी. डॉ. बंग दांपत्याच्या सर्च संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत १९९५-९६ साली घरी होणाऱ्या बाळंतपणांवर लक्ष ठेवून ७७२ बायकांच्या नोंदी घेतल्या. सुमारे दहातल्या एकीचे बाळंतपण लांबले होते, आणि पाणमोट फुटूनही बराच काळ मूल न झालेल्या बायकाही त्यांत होत्या. कळ नाही म्हणजे वेळ झालेली नाही, हा घरचा हिशेब नेमका इथे चुकतो: पाणी गेले की कळांची वाट न पाहता निघायला हवे, कारण थांबण्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नवव्या महिन्यात आशा घरी येते तेव्हा हे एकट्या गर्भवतीच्या कानावर घालून भागत नाही. गाडीला फोन करा असे सांगणारी बाई बहुतेक वेळा शेजारी बसलेली तिची आई किंवा सासू असते, आणि तिला योजनांनी अजून फारसे विद्यार्थिनी मानलेले नाही.