तिळगूळ: संक्रांतीलाच का, कधीपर्यंत आणि कोणाला?

मकर संक्रांत साधारणपणे १४ किंवा १५ जानेवारीला येते. ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ मात्र त्या एका दिवसापुरतं नसतं. माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, म्हणजे रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो.

तीळ आणि गूळच का?

संक्रांत ऐन थंडीत येते. तीळ हे तेलबी असून दाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं. तीळ आणि गूळ दोन्ही उष्ण मानले जातात. याच दिवसांत ऊसाची गुऱ्हाळं सुरू असतात आणि नवा गूळ बाजारात येतो. आदल्या दिवशी, भोगीलाही तीळ लावलेली बाजरीची भाकरी असतेच.

लाडू, वडी की पोळी?

कडक लाडवाला चिक्कीचा गूळ लागतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघतात. तो टणक झाला तर लाडू कुरकुरीत होतात, मऊ गोळी झाली तर वडी करायची. गूळपोळीला मात्र साधा मऊ गूळ हवा.

हलव्यावर काटा कसा येतो?

तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर परातीत घेतात. त्यावर चमचा-चमचा साखरेचा पाक घालून बोटांनी हलवत राहतात. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असं तासन्‌तास, कधी कधी काही दिवस चालतं. आच वाढली किंवा पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटतात. कोरड्या थंड हवेत काटा चांगला फुलतो. नव्या सुनेचे आणि बोरन्हाणातल्या बाळाचे दागिने याच हलव्याचे करतात.

तिळगूळ कोणाला द्यायचा?

सगळ्यांना. घरातल्या मोठ्यांना, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या सहकाऱ्यांना आणि वर्षभर अबोला धरलेल्या नातेवाइकालाही. कर्नाटकातही ‘एळ्ळु-बेल्ला’, म्हणजे तीळ-गूळ, देताना चांगलं बोला असंच म्हणतात.

पण याच दिवसांत होणाऱ्या हळदीकुंकवाला प्रथेने फक्त सवाष्णींनाच बोलावलं जातं. नवरा गेलेली बाई त्या घोळक्यातून, वाणातून आणि तिथल्या तिळगुळातूनही वगळली जाते. हे चित्र आता काही ठिकाणी बदलतंय. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं यांसारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. अनेक ठिकाणी आता सगळ्या बायकांना बोलावून हळदीकुंकू होतं.

हळदीकुंकवाला अट असेल, तिळगुळाला नाही. यंदा यादी करताना शेजारच्या घरातलं कोणी राहून तर जात नाही ना, एवढं बघायला हरकत नाही.