रेड्याआधीची गोष्ट

पैठणच्या नागघाटावर रेड्याची मूर्ती आहे. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही गोष्ट आम्हा पैठणकरांना शाळेत जायच्या आधीपासून पाठ असते. पण ती चार भावंडं मुळात पैठणला आली कशाला होती, हे फारसं कोणी विचारत नाही.

ती शुद्धिपत्र मागायला आली होती. तेराव्या शतकातली ही कथा परंपरा अशी सांगते. वडील विठ्ठलपंत इथून जवळच्या आपेगावचे. त्यांनी काशीला संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेवरून पुन्हा संसार मांडला. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने हा गुन्हा ठरवून घर वाळीत टाकलं. मुलांच्या मुंजी अडल्या. प्रायश्चित्त विचारलं, तर देहान्त सांगितला. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी मुलांसाठी तेही केलं. तरी मुलं सुटली नाहीत. त्यांना पैठणहून कागद आणायला सांगितलं.

मला खटकतं ते इथे. अन्याय ज्यांच्यावर झाला त्यांनीच पुरावा द्यायचा, आणि तोही चमत्काराचा. रेडा बोलला नसता तर? वाळीत टाकणाऱ्यांना मात्र कोणी जाब विचारला नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपमधून कोणी काढलं तरी आपला दिवस खराब जातो. इथे गावच बंद होतं. दुकानदार माल देत नाही, लग्नाचं आमंत्रण येत नाही, मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. पंच नुसता हुकूम सोडतात, अंमल बाकीचे करतात. त्यातले बरेचजण दुष्ट नसतात. उद्या आपली पाळी येईल म्हणून घाबरलेले असतात. एक घर एकटं पडतं आणि अख्खं गाव गुन्ह्यात भागीदार होतं.

याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १९६२ साली तो रद्द ठरवला. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम कोर्ट पीडिताला देऊ शकतं.

म्हणजे आता जाब वाळीत टाकणाऱ्याला द्यावा लागतो. एवढ्यासाठी सातशे वर्षं लागली. पण खटल्याला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदाराला त्याच गावात राहायचं असतं, त्याच दुकानातून मीठ आणायचं असतं. तो बोलला तरच कायदा चालतो. चमत्काराची वाट आता पीडिताने पाहायची नाही, शेजाऱ्याने तोंड उघडायचं आहे.