उसवून शिकलेला इतिहास

लेखक म्हटला की आपण त्याची पुस्तकं मोजतो. ती लिहिली जात होती तेव्हा घरात दुसरं माणूस काय करत होतं, हे चरित्राच्या तळटीपेत जातं. इंग्लिश कवी विल्यम मॉरिस यांच्या बाबतीत मात्र त्या तळटीपेचा पुरावा आजही शाबूत आहे. कारण तो कापडावर आहे.

जेन बर्डन १८३९मध्ये ऑक्सफर्डला जन्मली. वडील तबेल्यात कामाला होते. १८५९मध्ये तिचं मॉरिसशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी दोघं लंडनबाहेरच्या ‘रेड हाउस’मध्ये राहायला गेले. मॉरिसला मध्ययुगाचं वेड होतं. पण त्या काळचे टाके शिकवणार कोण? नवरा-बायकोने भरतकामाचे जुने तुकडे मिळवले, ते उसवले आणि टाका कसा घातलाय ते पाहून तसा घालायला शिकले. जेनला एकदा एका दुकानात निळीत रंगवलेलं जाडं लोकरी कापड मिळालं. मॉरिसने लगेच त्यावर फुलं रेखाटली. तो भरलेला पडदा आज केल्मस्कॉट मॅनरमध्ये आहे. चॉसरच्या काव्यावरून सुचलेल्या नायिकाही मध्ययुगीन पोशाखात भरायला घेतल्या होत्या. त्या सगळ्या पुऱ्या झाल्या नाहीत.

१८६१मध्ये मॉरिसने मित्रांसोबत सजावटीची कंपनी काढली. तिथलं भरतकाम जेन आणि तिची बहीण बेसी करत, इतर बायकांकडून करूनही घेत. म्हणजे हा फावल्या वेळचा शौक उरला नव्हता.

तिच्या कपड्यांचंही तसंच. इतर बायका तारेच्या सांगाड्यावर घागरे फुगवत होत्या, तेव्हा जेन सैल, जुन्या वळणाचे झगे घालायची. रोझेटीने १८६८मध्ये रंगवलेल्या तिच्या चित्रातला निळा रेशमी पोशाख तिनेच शिवलेला.

१८६९मध्ये हेन्री जेम्स त्यांच्याकडे जेवायला आला. जेवणानंतर मॉरिसने अप्रकाशित कविता वाचून दाखवली. दाढ दुखत असलेली जेन तोंडावर रुमाल टाकून सोफ्यावर पडून होती. हे पत्र वाचणाऱ्यांना तिचं सौंदर्य आठवतं. मला ती दाढ आठवते. घरात लेखक असला की दुखतानाही ऐकावं लागतं.

आमच्या घरी लिहिणारा मी. बायको जुने फोटो पाहून कळीदार कुर्ते बेतते, आणि माझा प्रत्येक लेख आधी तिच्याच हातात जातो. लोक तिला ‘पाठबळ’ म्हणतात. शब्द मोठा आहे, पण त्यात तिचं स्वतःचं काम दिसत नाही.

केल्मस्कॉटमध्ये मॉरिसचा जुना पलंग आहे. १८९१मध्ये त्याने त्यावर कविता लिहिली. मुलगी मे हिने ती झालरीवर भरायला घेतली. पलंगाची चादर जेनने भरली, आणि तिच्यावर स्वतःचं नावही टाक्यांनी घातलं. मॉरिस १८९६मध्ये गेला, जेन १९१४मध्ये. त्या पलंगावर आज कवीची कविता वाचता येते, आणि जेनचं नावही. तळटीप वाचायची तर एवढं वाकून पाहायला हवं.