गाळलेल्या जागेचा इतिहास

अमरावती-अकोल्यात बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना 'क्लोज टेस्ट' म्हटलं की धडकी भरते. उताऱ्यातले शब्द गाळलेले, ते ओळखायचे. पण मंडळी, हा प्रकार मुळात विद्यार्थ्यांसाठी नव्हताच! १९५३ साली अमेरिकेत विल्सन टेलर यांनी तो 'जर्नालिझम क्वार्टर्ली'त मांडला, मजकूर वाचायला किती सोपा हे मोजायला. वाचकांना शब्द सुचले नाहीत, तर मजकूर अवघड. म्हणजे परीक्षा आम्हा लिहिणाऱ्यांची होती! पुढं ती वाचणाऱ्यांवर उलटली.

आपल्याकडं २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पण बहुतेक ठिकाणी शिकवलं शब्दाला शब्द लावून. 'पाऊस लांबला, दुबार ____ करावी लागली' इथं वऱ्हाडातलं कोणतंही पोरगं पर्याय न बघता 'पेरणी' म्हणते, कारण गोष्ट त्याला ठाऊक आहे. इंग्रजीत मात्र पहिल्याच रिकाम्या जागेशी अडते. आधी अख्खी गोष्ट वाचा रे! शेवटी माणूस बस चुकून पायी निघाला असेल, तर वरच्या जागेत तो स्टँडवर 'वेळेवर' नाही, 'उशिरा'च पोचलेला असतो.