लेझीम पथकाची सिद्धता

२००८ साली इंडियन प्रीमियर लीगचे सामने सुरू झाले आणि हैदराबादच्या ‘डेक्कन चार्जर्स’ संघाच्या निमित्ताने ‘चीअरलीडर’ हा शब्द आमच्या निर्मलच्या ओसरीवर येऊन पोहोचला. वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली, हे सांगावयास नकोच. वस्तुतः या प्रकाराचा उगम पुरुषांचा. २ नोव्हेंबर १८९८ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल नामक विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे उभे राहून आरोळ्यांचे नेतृत्व केले. स्त्रिया त्यात आल्या त्या १९२० नंतरच्या दशकात. पुढे त्याच्या स्वतंत्र स्पर्धा भरू लागल्या आणि २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेस पूर्ण मान्यता दिली. हा इतिहास वाचताना आम्हांस राहून राहून आठवत होते ते आपले लेझीम पथक. गणवेश, शिट्टी, रांगा, ठेका आणि पाहणाऱ्याच्या अंगात संचारणारा आवेश, यांत परके असे काय आहे?

लेझीम मूळची नाचाची नव्हे, तालमीची. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले धनुष्य ओढून धनुर्धारी दंड कमावीत, त्यास फारसीत लेजम म्हणत. तेच धनुष्य आखूड होत होत लाकडी दांडा, साखळी आणि चकत्या एवढे उरले. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव फोफावला, तशी आखाड्यातील लेझीम मिरवणुकीच्या रस्त्यावर अधिकाधिक दिसू लागली. आमच्या निजामी मुलुखात मात्र सभा भरवायची तरी गश्ती क्रमांक ५३ अन्वये परवानगी काढावी लागे. अशा काळात चार पोरांनी एकत्र येऊन एका तालावर पाऊल टाकणे ही केवळ करमणूक राहत नाही, हे जुन्या घरांतील मंडळींना वेगळे सांगणे न लगे.

लेझीम पथक स्पर्धेसाठी उभे करणे हे मोठे चिकाटीचे काम. प्रारंभ ‘चार आवाज’ने होतो. चार मोजणीत साखळी खेचायची आणि मिटायची, पाऊल जागचे हलवायचे नाही. कितीएक दिवस एवढेच. मग ‘एक जगह’, ‘आदी लगाव’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’. ज्याला घाई आहे तो शिक्षक येथेच फसतो. मुलांना वर्तुळे आणि मनोरे हवे असतात, आणि मनगट कच्चे असताना मनोरा रचला की आवाज फुटतो. चीअरलीडरची चूक डोळ्यांना दिसते, लेझीमवाल्याची चूक कानाला कळते. सोळा जणांत एकाचा हात पाव मात्रा मागे राहिला, तर ‘छन्न’ ऐवजी ‘छन्‌-न्न’ ऐकू येते, आणि परीक्षकाने डोळे मिटून घेतले तरी ते लपत नाही. म्हणून जुने वस्ताद आधी हलगीवाला निवडीत, मग मुले. हलगी धावली की पथक धावते. लय दुगणीत नेताना वाकलेल्या कमरेतून श्वास सुटू नये, यासाठी बैठका आणि जोर वेगळे काढून घेतले जात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी जड सराव नाही. फक्त साखळीच्या कड्या तपासायच्या. ऐन मैदानात कडी निखळली, तर शेजाऱ्याच्या पोटरीस इजा होते. स्पर्धेसाठी फार घोटली की लेझीमची कवायत होते, ही तक्रारही खरी आहे. परंतु न घोटलेल्या लेझीमचा नुसता गोंगाट होतो, त्याचे काय?

वऱ्हाडातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, ज्याची स्थापना १९१४ ची, हे शिक्षण शास्त्रशुद्ध केले. १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षीच्या करारान्वये निजामाचे युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाले. पदवी हैदराबादेत राहिली, कसब अमरावतीच्या मैदानावर!

पुढे १९५६ आले. किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून पलीकडे गेले. मुधोळ, भैंसा, कुबीर नांदेडमधून अलीकडे आले. पलीकडे शाळेच्या मैदानाने लेझीम सांभाळली. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनातही ती झळकली. आपल्याकडे तिचा भार घरांवर आणि उत्सवावर पडला, आणि आता घरांतील मुले हैदराबाद-पुण्यास, त्याही पलीकडे गेली. सोळा हात जमणे कठीण, ही खरी अडचण आहे. काही ज्येष्ठांचे मत असे की, मराठी मुले नसतील तर पथकच नको. आम्हांस हे मान्य नाही. कोलाटम खेळणाऱ्या तेलुगू मुलामुलींच्या हातात टिपऱ्यांचा ठेका अगोदरच मुरलेला असतो. त्यांना मनगट तेवढे शिकवावे लागेल. आज्ञांची अडचण पडेल म्हणावे, तर ‘एक जगह’ आणि ‘दो रुख’ पाहा. त्या हिंदुस्थानी आहेत, ना मराठी ना तेलुगू. निजामी मुलुखात वाढलेल्या आपल्या कानांस ती बोली नवी कशी म्हणावी?

मुलींनी खेळावे की नाही, या प्रश्नावर आम्ही शाई खर्चीत नाही. पलीकडच्या शाळांतील मुलींनी त्याचे उत्तर मैदानावर केव्हाच दिले आहे. येत्या भाद्रपदापूर्वी माळ्यावरील लेझिमी खाली काढाव्यात, चकत्यांवरचा गंज राखेने घासून काढावा आणि दांडे उन्हात ठेवावेत. हलगी वाजविणारा कोण, हे मात्र सर्वांआधी ठरले पाहिजे.