मतदाराच्या हातांतील वस्तु

श्रोतेहो, साकीनाक्यावरून पूर्वेस निघालें कीं प्रथम पवई लागते, तिच्या पुढें विक्रोळी. आपण मत कसें देतों, याच्या इतिहासांत या दोन्ही स्थळांना मान आहे. वस्तु घडवितांना ती वापरणाऱ्याचा विचार कसा करावा, हें त्या इतिहासांत चांगलें दिसतें.

१९५१-५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १७ कोटींवर मतदार. त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. ते साक्षर होईपर्यंत थांबणें शक्य नव्हतें. म्हणून निरक्षराला उमगेल असेंच साहित्य करावें लागलें. प्रत्येक उमेदवाराला चिन्ह, आणि प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र पेटी! अशा १२ लाखांवर पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यानें केल्या. बाहेरून कुलूप लावणें खर्चाचें, तेव्हां तें पेटीच्या आंतच बसविलें.

पुढें १९६२ च्या निवडणुकींत सर्व चिन्हें एकाच कागदावर आलीं. पेट्यांची संख्या घटली, परंतु मतदारावर नवें ओझें पडलें : शिक्का नेमक्या चौकटींत मारावयाचा. शिक्षकाच्या वाट्याला निवडणुकीचें काम येतेंच. मतमोजणीच्या टेबलावर, दोन चौकटींमधील रेघेवर शिक्का पडलेले कागद मीं पाहिले आहेत. ते बाद होत. "लोकांना समजत नाहीं," असें आम्हीं शिक्षक म्हणत असूं. आज वाटतें, दोष त्या कागदाचाही होता.

मतदानयंत्र १९८२ सालीं केरळांतील परूर येथें प्रथम वापरलें गेलें. त्याची बाह्यरचना घडविण्यांत पवईच्या आयआयटीमधील, १९६९ सालीं स्थापन झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे प्राध्यापक ए. जी. राव व रवी पूवय्या यांचा हात होता. चिन्हाशेजारीं निळें बटण. तें दाबलें कीं तांबडा दिवा लागतो, आणि मत नोंदलें कीं लांब आवाज होतो. पुन्हां दाबलें तरी मत एकच. रेघेवर पडून वायां जाणारें मत येथें संभवतच नाहीं. २००४ सालीं लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत हीं यंत्रें आलीं.

परंतु सोय म्हणजे सर्वस्व नव्हे. पेटींत टाकलेला कागद डोळ्यांस दिसे. यंत्रांतील मत दिसेना. शंका उठल्या, खटले झाले. २०१३ पासून यंत्राला कागदी चिठ्ठीची जोड मिळूं लागली; ती काचेआडून ७ सेकंद दिसते. वापरणाऱ्याला काम जमलें पाहिजे, आणि तें झाल्याची खात्रीही पटली पाहिजे.

म्हणून श्रोतेहो, एखादी वस्तु हातांत घेऊन कोणी अडखळला, तर त्याला अडाणी म्हणण्यापूर्वीं ती वस्तु एकवार तपासून पाहावी.