धरमतर

धरमतर : रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील खाडीकाठचे बंदर. सह्याद्रीत उगम पावून नागोठण्यावरून येणाऱ्या अंबा नदीच्या मुखाशी धरमतरची खाडी बनली असून ती रेवस व करंजा यांच्या दरम्यान मुंबई बंदराच्या दक्षिण भागास मिळते. सतराव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांत हिचा उल्लेख नागोठण्याची खाडी असा येतो.

शिवराज्याभिषेकासाठी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मे १६७४ मध्ये समुद्रमार्गे रायगडाकडे निघाला, तो या खाडीने न जाता चौलवरून कुंडलिकेच्या खाडीत शिरून रोह्याजवळच्या अष्टमीस उतरला. ६ जूनच्या दरबारात तो दूर उभा असताना मराठी दरबारचे अधिकारी निराजी पंडित यांनी नजराण्याची हिऱ्याची अंगठी शिवाजी महाराजांना दिसेल अशी उंच धरली. सिंहासनाच्या उजवीकडे भाल्यांवर मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यशिरे होती, असे तो नमूद करतो. समुद्रावरील सत्तेचे हे चिन्ह होय, असा त्याचा अर्थ लावला जातो.

या सत्तेची कसोटी १६७९ मध्ये लागली. मराठी आरमाराचा अधिकारी मायनाक भंडारी याने मुंबईच्या दक्षिणेकडील खांदेरी बेटावर तटबंदी सुरू करताच इंग्रजांनी बेटाची कोंडी केली. १८ ऑक्टोबर रोजी मराठी आरमाराने हल्ला करून ‘डव्ह’ ही गुराब (डोलकाठ्यांची तोफधारी नौका) पकडली. मात्र ‘रिव्हेंज’ या जहाजाच्या तोफांपुढे माघार घेऊन या आरमाराने धरमतरच्या खाडीचा आश्रय घेतला. इंग्रजांनी पुढे खाडीच्या तोंडावर पहारा बसविला, तरी वाऱ्यावर विसंबणारी त्यांची जड जहाजे वल्ह्यांच्या हलक्या होड्यांना अडवू शकली नाहीत व रात्रीच्या अंधारात खांदेरीस रसद पोचत राहिली. त्यामुळे १८ ऑक्टोबरच्या माघारीवरून या मोहिमेचे मूल्यमापन करणे योग्य ठरत नाही. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी वेढा आवरला व बेट मराठ्यांकडेच राहिले.

एकोणिसाव्या शतकात मुंबईहून येथवर आगबोटी येत व उतारू पुढे पेण, महाडकडे खुष्कीने जात. भातशेती, मिठागरे व मासेमारी हे परिसरातील परंपरागत व्यवसाय आहेत. लगतच्या डोलवी येथील पोलाद कारखान्यासाठी खनिज व कोळसा बार्जमधून येथे उतरतो.